दुमत, खंडपीठ, निवाडा

डोंबिवलीतल्या सोसायटीच्या सभेत ‘यात दुमत नसावे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ‘दुमत’ मराठीत बहुधा नकारालाच बिलगून राहते. दुफळी, दुभंग, दुजाभाव यांच्या रांगेतला हा ‘दु’ संस्कृत ‘द्वि’चाच वंशज, आणि त्याच्याविषयी आपल्या मनात जुनी अढी असावी असे दिसते. हायकोर्टात मात्र दुमत नकाराविना नांदते.

ठाणे-कल्याणच्या कोर्टांतले कज्जे पुढे मुंबईला जातात आणि काही ‘खंडपीठा’पुढे लागतात. हा शब्द दुहेरी आहे: दोन न्यायमूर्तींचे तेही खंडपीठ, आणि नागपूर, औरंगाबाद, गोव्याचे तेही. ‘खंड्’ म्हणजे तोडणे. ‘पीठ’ म्हणजे आसन. ते ‘अपि-सद्’, म्हणजे वर बसणे, यातून आले असावे. (दळणाचे पीठ निराळे, ते ‘पिष्ट’वरून.)

आसन एक, मते दोन, असे मुंबई हायकोर्टात ३१ जानेवारी २०२४ रोजी झाले. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा ऑनलाइन मजकूर तपासणाऱ्या ‘फॅक्ट चेक युनिट’चा नियम न्या. गौतम पटेल यांनी रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध मानला. वादाच्या मुळाशी पुन्हा शब्दच: ‘बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी’ माहिती म्हणजे कोणती? व्याख्या नियमात नव्हती. एकाला त्या मोघमपणात अभिव्यक्तीवर गदा दिसली. दुसऱ्यांना नियम जाणूनबुजून पसरवलेल्या असत्यापुरताच वाटला. मते समसमान, म्हणून मुद्दा तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेला. न्या. अतुल चांदुरकर २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेलांशी सहमत झाले.

न्यायाच्या शब्दांत वेगळे करणे पहिल्यापासून आहेच. अरबी ‘फ-स-ल’ म्हणजे विलग करणे, त्यातून ‘फैसला’. ‘इन्साफ’च्या पोटात ‘निस्फ’, म्हणजे अर्धा, आहे. संस्कृत ‘विवेक’ ‘विच्’पासून, म्हणजे चाळून वेगळे काढणे. आपला ‘निवाडा’ तर सरळ ‘निवडणे’तून आलेला. निवडायला दोन गोष्टी समोर लागतात. कायद्याचा शब्द सैल असला की दोन जाणती माणसे त्याचे दोन अर्थ लावणार. ते दोन्ही अर्थ कारणांसह निकालपत्रात उतरले, म्हणूनच तिसऱ्याला निवाडा करता आला.