हृदयरोग आणि अंतर: परतवाड्याच्या उपचारांचा इतिहास

सातपुड्याच्या पायथ्याशी सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरात वसलेले परतवाडा हे मूळचे छावणीचे गाव असून, हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज, तेथे 1893 पर्यंत होती. पुढे 1905 मध्ये लगतच्या एलिचपूरचा (आजचे अचलपूर) जिल्हा अमरावतीत विलीन झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण सुमारे 50 किलोमीटर दूर गेले. या अंतराला हृदयरुग्णाच्या दृष्टीने काय अर्थ होता, हे मात्र प्रत्येक काळात वैद्यकाच्या सामर्थ्यावरच ठरत गेले.

जोवर दूरच्या शहरातही मोठा इलाज नव्हता, तोवर अंतराने रुग्णाचे फारसे काही बिघडत नव्हते. चरकसंहितेने हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आणि अकराव्या शतकातील चक्रदत्ताने अर्जुनाची साल दुधात उकळून, म्हणजे क्षीरपाक करून, देण्यास सांगितले. हा अर्जुनवृक्ष सातपुड्याच्या ओढ्याकाठी आपसूक वाढणारा आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला 1785 मध्ये विदरिंगच्या अभ्यासातून डिजिटॅलिस हे हृदयाचे आकुंचन जोरकस करणारे वनस्पतिजन्य औषध आणि 1816 मध्ये लेनेकची श्रवणनळी मिळाली असली, तरी त्यानंतरही शतकभर डॉक्टर हृदयाचा बिघाड ऐकू शकत होता, दुरुस्त करू शकत नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र पालटले. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने मुलांच्या हृदयाच्या झडपा आखडतात, आणि अशी आखडलेली झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याचे काम मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 च्या दशकात होऊ लागले. अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे 76 किलोमीटर धावणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी आणि तेथून मुंबईचा लोहमार्ग, असा तो लांबचा प्रवास होता. परंतु झडपेचा आजार वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा असल्यामुळे रुग्णाला तारीख घेऊन, पैशांची जुळवाजुळव करून निघता येत असे.

हृदयविकाराचा झटका मात्र अशी सवड देत नाही. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की स्नायू मिनिटागणिक मरू लागतो, आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज 1980 च्या दशकात उपयुक्त ठरल्यावर, तसेच फुग्याने वाहिनी उघडण्याची अँजिओप्लास्टी भारतात रुजल्यावर, जे अंतर पूर्वी मैलांत मोजले जाई ते आता तासांत आणि मिनिटांत मोजावे लागले. मेळघाटातील घाटरस्ता उतरून परतवाड्यास आणि तेथून अमरावतीस जाणाऱ्या रुग्णासाठी अंतराची धार वैद्यकाच्या प्रगतीनेच तीव्र केली. 2014 पासून धावू लागलेल्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

याच काळात पैशाचे अंतरही समोर आले. 2 जुलै 2012 रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात अमरावतीचा समावेश होता; पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची, त्यांत हृदयशस्त्रक्रियांचीही, सोय तिने केली आणि 2017 मध्ये ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने शाळा-अंगणवाडीतच मुलांचे जन्मजात हृदयदोष शोधण्याची वाट उघडली.

तरीही काही उपचारांना प्रवास लागतच नाही. संधिवाताच्या तापाची पुनरावृत्ती टाळणारे, दर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन, रक्तदाबाची रोजची गोळी आणि विदर्भाच्या पानठेल्यांवर घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडण्याचा निर्धार यांना अमरावतीची वा मुंबईची गरज नसते. गावच्या उपकेंद्रात रक्तदाब मोजला गेला आणि गोळी वेळेवर मिळाली, तर मोठ्या शहराचा रस्ता धरण्याची पाळीच अनेकांवर येत नाही.