मांसाहारी डायनोसॉरांची वसतिस्थाने

थेरोपोडा या उपगणातील डायनोसॉर दोन पायांवर चालणारे व बहुतांशी मांसाहारी होते. सु. २३ कोटी वर्षांपूर्वीपासून क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीपर्यंतच्या (सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या) खडकांत त्यांचे जीवाश्म (शिळारूप झालेले अवशेष) आढळतात. अंटार्क्टिकासह सर्व खंडांत ते सापडले आहेत. हे प्राणी काय खात असत, हे दात, जबडे व नख्या यांवरून पुष्कळसे कळते. परंतु ते कोठे वावरत असत हे ठरविणे त्याहून अवघड आहे. प्राणी जेथे गाळाखाली पुरला गेला तेथे त्याचा सांगाडा मिळतो; तो तेथेच जगला असेल असे नाही. पुरात वाहत आलेले प्रेत नदीच्या मुखाशी किंवा समुद्रतळावर जाऊन विसावते. शिवाय डोंगराळ प्रदेशात गाळ साचण्याऐवजी खडकांची झीजच होत राहते. त्यामुळे तेथे डायनोसॉर नव्हते असे म्हणता येत नाही. तेथील मृतांची नोंद राहिली नाही एवढेच. परिणामी वसतिस्थानांविषयीची बहुतेक अनुमाने पूरमैदाने, सरोवरे, त्रिभुज प्रदेश व समुद्रकिनारे यांच्यापुरतीच करता येतात.

ही अडचण या विषयाच्या आरंभापासूनची आहे. विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये मेगॅलोसॉरस या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर होय. त्याची हाडे ऑक्सफर्डजवळील स्टोन्सफील्ड येथील जुरासिक खडकात मिळाली होती. हा खडक उथळ समुद्रात साचलेला असून त्यात सागरी शिंपल्यांच्या जोडीने उडणाऱ्या सरीसृपांची हाडे, चिमुकल्या सस्तन प्राण्यांचे जबडे आणि जमिनीवरील वनस्पतींचे अवशेष सापडतात. केवळ खडकाकडे पाहिले असते, तर मेगॅलोसॉरस सागरी प्राणी ठरला असता. बकलंड यांनी १८३६ मध्ये मात्र मांडीच्या हाडातील मज्जेची मोठी पोकळी लक्षात घेऊन तो प्रामुख्याने जमिनीवर राहणारा असावा, असे अनुमान काढले. जलचरांची हाडे सामान्यतः भरीव असतात, तर जमिनीवरील प्राण्यांची पोकळ. ही कसोटी पुढे जवळजवळ दोन शतकांनी पुन्हा वादाच्या केंद्रस्थानी आली.

एका ठिकाणी पुष्कळ हाडे सापडली म्हणजे ते त्या प्राण्याचे आवडते ठिकाण, असेही समजता येत नाही. अमेरिकेच्या यूटा राज्यातील क्लीव्हलंड-लॉइड या जागी ॲलोसॉरस या मांसाहारी डायनोसॉराच्या किमान ४६ प्राण्यांची हाडे मिळाली आहेत; शाकाहारींची संख्या त्यामानाने फारच थोडी आहे. चिखलात रुतलेल्या भक्ष्यामागे येऊन हे प्राणी अडकले असे काहींचे मत आहे, तर अवर्षणात आटत चाललेल्या पाणवठ्याभोवती ते मेले असे इतरांचे. दोहोंपैकी कोणतेही मत खरे धरले, तरी हाडांच्या या राशीवरून मृत्यूचे कारण शोधता येते, वसतिस्थान नव्हे. पाऊलखुणांचा पुरावा या बाबतीत अधिक विश्वसनीय आहे, कारण त्या वाहून जात नाहीत. मात्र त्या ओल्या चिखलातच टिकतात आणि त्या नेमक्या कोणत्या जातीच्या हे बहुधा सांगता येत नाही.

या सर्व अडचणी एकत्र आल्या त्या स्पायनोसॉरस या प्राण्याच्या बाबतीत. रिखार्ट मार्कग्राफ यांना १९१२ मध्ये ईजिप्तमधील बाहरिया मरूद्यानात त्याची हाडे मिळाली आणि जर्मन पुराजीववैज्ञानिक अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्याचे नामकरण केले. पाठीच्या मणक्यांवरील उंच काटे व सुसरीसारखा लांबट जबडा ही त्याची लक्षणे होत. बाहरियाच्या त्याच थरांत कार्कारोडोंटोसॉरस व बाहरियासॉरस हे आणखी दोन प्रचंड मांसाहारी प्राणी मिळाले, पण शाकाहारी डायनोसॉर त्या मानाने कमी मिळाले. इतक्या हिंस्र प्राण्यांचे पोट कशावर भरत असे, हे कोडे खुद्द श्ट्रोमर यांनाच पडले होते. बाहरियाचे गाळ भरती-ओहोटीच्या सपाट किनाऱ्यावर, खाजणासारख्या वनस्पतींच्या दाटीत साचलेले आहेत. नद्यांत व खाड्यांत मोठे मासे विपुल होते. कोड्याचे उत्तर तेथे असण्याचा संभव होता. परंतु २४–२५ एप्रिल १९४४ च्या रात्री म्यूनिकवर झालेल्या हवाई हल्ल्यात तेथील संग्रहालयातील ही हाडे नष्ट झाली. श्ट्रोमर यांची वर्णने, आकृत्या व काही छायाचित्रे एवढेच मागे राहिले.

पुढील दुवा इंग्लंडमधून मिळाला. सरे परगण्यातील विटांच्या मातीच्या एका खाणीत १९८३ मध्ये विल्यम वॉकर या हौशी संग्राहकाला एक मोठी वाकडी नखी सापडली. तिच्यामागोमाग मिळालेल्या सांगाड्याला १९८६ मध्ये बॅरिऑनिक्स हे नाव देण्यात आले. त्याच्या पोटाच्या भागात अम्लाने झिजलेले माशांचे खवले होते. तसेच इग्वानोडॉनसारख्या एका लहान शाकाहारी डायनोसॉराची हाडेही होती. स्पायनोसॉरसाच्या या आप्ताचा आहार अशा रीतीने प्रत्यक्ष पुराव्याने कळला, पण त्यातही मासे व जमिनीवरील भक्ष्य दोन्ही होते. ब्राझीलमध्ये उडणाऱ्या सरीसृपाच्या मणक्यात रुतलेला याच कुलातील प्राण्याचा दात मिळाला असून त्याचे वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या कुलाला केवळ मत्स्याहारी म्हणणे म्हणूनच योग्य नाही.

रासायनिक पुरावा २०१० मध्ये पुढे आला. दंतवल्कातील (दातावरील कठीण आवरणातील) फॉस्फेटात ऑक्सिजनाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे भिन्न वस्तुमानांचे अणू) असतात. जमिनीवरील प्राण्याच्या शरीरातून बाष्पीभवनाने हलका ऑक्सिजन अधिक निघून जातो व जड ऑक्सिजनाचे प्रमाण वाढते. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यात ते कमी राहते. स्पायनोसॉरिड कुलातील दातांचे प्रमाण त्याच ठिकाणच्या मगरी व कासवे यांच्या जवळपास, तर इतर मांसाहारी डायनोसॉरांपेक्षा कमी आढळले. मात्र काही ठिकाणच्या दातांत हा फरक दिसला नाही. पाणी व जमीन यांच्यामध्ये त्यांची ये-जा असावी, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

मोरोक्कोतील केम केम येथील नदीजन्य थरांतून मिळालेल्या एका सांगाड्याचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आखूड मागचे पाय व भरीव हाडे यांवरून हा प्राणी अर्धजलचर ठरविण्यात आला. त्याची काही हाडे प्रथम जीवाश्मांच्या व्यापारातून बाहेर आली होती. ती खणणारा माणूस २०१३ मध्ये शोधून काढल्यावर मूळ जागा निश्चित झाली आणि त्याच प्राण्याची उरलेली हाडे हाती आली. पुढे तेथेच उंच, वल्ह्यासारखी शेपटी मिळाली (वर्णन २०२०). २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत केम केमच्या एका थरात स्पायनोसॉरसाचे दात इतर सर्व अवशेषांहून अधिक आढळले. डायनोसॉरांचे दात आयुष्यभर पडत व नवे येत; म्हणून नदीच्या गाळात दातांचा असा खच पडणे, हा प्राणी पाण्यात पुष्कळ वेळ असल्याचा पुरावा मानता येतो.

याविरुद्ध मतही तितकेच आग्रहाने मांडले गेले. २०१८ मधील एका गणिती प्रतिकृतीनुसार हा प्राणी पाण्यात सहज बुडू शकत नव्हता व एका अंगावर कलंडला असता. २०२१ मध्ये त्याची तुलना काठावर उभे राहून मासे टिपणाऱ्या बगळ्यासारख्या पक्ष्यांशी करण्यात आली. २०२२ मध्ये अनेक प्राण्यांच्या हाडांची घनता मोजून स्पायनोसॉरस व बॅरिऑनिक्स पाण्याखाली भक्ष्य पकडत असावेत, तर त्यांचा आफ्रिकी आप्त सुकोमायमस जमिनीवर राहत असावा, असा निष्कर्ष काढला गेला. ही बकलंड यांचीच कसोटी, नव्या साधनांनी लावलेली. तिच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर २०२४ मध्ये गंभीर आक्षेप घेण्यात आले. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ मध्ये तीन मांसाहारी कुलांच्या अवशेषांची स्थळे व तेथील प्राचीन परिसर यांचा मेळ घातला, तेव्हा स्पायनोसॉरिडांचा संबंध किनारी प्रदेशांशी दिसला. उलट नायजरमध्ये, प्राचीन किनाऱ्यापासून खूप आत, स्पायनोसॉरसाचे अवशेष मिळाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. हा प्राणी पाण्याच्या काठाशी बांधलेला होता, एवढे सर्वमान्य आहे. तो किती खोल जात असे, हाच वादाचा मुद्दा आहे.

कोरड्या भूप्रदेशातील मांसाहारींचे उदाहरण म्हणून ॲबेलिसॉरिड कुल घेता येते. मादागास्करमधील मजुंगासॉरस तीव्र कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशात राहत असे. त्याच्या हाडांवर स्वजातीयांच्याच दातांचे ओरखडे आहेत. या कुलाचे भारतीय प्रतिनिधी मध्य व पश्चिम भारतातील लॅमेटा थरांत मिळतात. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांनी १९१७ पासून हाडे गोळा केली. १९३३ मध्ये फोन ह्यूने व मॅटली यांनी त्यांतून इंडोसुकस, इंडोसॉरस इ. वंशांचे वर्णन केले. गुजरातमधील राहिओली येथील राजासॉरस याचे नाव २००३ मध्ये देण्यात आले.

लॅमेटा थर कोणत्या परिसरात साचले, यावर दीर्घकाळ मतभेद होते. १९६० नंतरच्या दोन दशकांत काही भूवैज्ञानिकांनी ते उथळ समुद्रात किंवा खाडीत साचले असे मानले. तसे असते, तर येथील डायनोसॉर किनाऱ्यावरचे ठरले असते. १९८७ मध्ये ब्रुकफील्ड व अशोक साहनी यांनी जबलपूरच्या थरांतील प्राचीन मृदा व चुनखडीच्या गाठी (कंकर) यांवरून ते निमशुष्क गाळमैदानावर साचले असल्याचे दाखविले. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथील लॅमेटा गाळ नद्या व सरोवरे यांतील असून तेथे मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांचे अवशेष विपुल आहेत. भक्ष्य असे पाण्याभोवती गोळा होत असल्यामुळे मांसाहारीही तेथे येत असले पाहिजेत.

बारा सिमला येथील मांसाहारींच्या थरात मात्र निरनिराळ्या प्राण्यांची हाडे एकमेकांत मिसळलेली होती. मॅटली यांनी १९२३ मध्ये तेथील अवशेषांवरून लॅमेटासॉरस हा चिलखती डायनोसॉर कल्पिला. पुढे त्यात मांसाहारी डायनोसॉराची हाडे व दुसऱ्याच प्राण्यांच्या त्वचेतील अस्थिपट्ट एकत्र झाल्याचे दिसून आले. या संग्रहातील काही हाडे नंतरच्या काळात गहाळ झाली असून त्यांच्या अभ्यासाला १९३३ च्या ग्रंथातील वर्णने व चित्रे यांवरच अवलंबून राहावे लागते.