खडूची जत्रा

उत्तर इटलीत मांतोवा नावाचे एक जुने शहर आहे. तेथून सात-आठ किलोमीटरांवर, मिंचो नदी पसरट होऊन लव्हाळ्यांच्या दलदलीत शिरते त्या काठाला, ग्रात्सिए हे लहानसे खेडे वसले आहे. गावात पाहण्याजोगी वास्तू एकच, ती म्हणजे मेरीमातेचे देवालय. १३९९ सालच्या प्लेगच्या साथीनंतर मांतोव्याचा अधिपती फ्रांचेस्को गोंझागा याने कृतज्ञतेपोटी ते बांधविले व १४०६ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. आत शिरणाऱ्या मराठी माणसास फारसे परके वाटू नये. नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेल्या मेणाच्या हातांच्या, डोळ्यांच्या, काळजांच्या प्रतिकृती भिंतींवर ओळीने लावल्या आहेत. संकटातून सुटलेल्यांचे माणसाएवढे पुतळे कोनाड्यांत उभे आहेत. आणि छताला साखळीने टांगलेली, पेंढा भरलेली एक खरीखुरी मगर भाविकांकडे पाहत असते! जवळच्या सरोवरात उन्हाळ्यात कमळे फुलतात, तीही मूळची आपल्या आशियातली. १९२१ च्या सुमारास ती तेथे आणून लावली गेली आणि पुढे बेसुमार माजली.

या देवालयापुढे १४२५ सालापासून जत्रा भरत आली आहे. तिचा मुख्य दिवस १५ ऑगस्ट, म्हणजे मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा. आपल्या मंडळाच्या आवारात त्या दिवशी सकाळी आठ वाजता ध्वजवंदन होते, तेव्हा ग्रात्सिएत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि देवळापुढच्या पटांगणात दिव्यांच्या उजेडात रात्रभर जागलेली माणसे गुडघ्यांवर बसून डांबरी जमिनीवर खडूने चित्रे रंगवीत असतात. या चित्रकारांना तिकडे मादोन्नारी म्हणतात. त्यांची हकीकत सांगण्याचे येथे योजिले आहे. ती या स्मरणिकेतच का सांगावीशी वाटली, ते पुढे ओघाने येईल.

मादोन्ना म्हणजे मेरीमाता. तिचे चित्र जमिनीवर काढणारा तो मादोन्नारो. ही परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे नेतात. सणावारांच्या धोरणाने हे लोक गावोगाव हिंडत. देवळापुढची फरशी हाच त्यांचा फलक, आणि खडू, कोळसा, विटकरीचा तुकडा हीच रंगसामग्री. जाणारायेणारा भाविक चित्राशेजारी नाणे टाकी. त्यावर दिवस काढायचा, आणि जत्रा उठली की पुढच्या गावची वाट धरायची. चित्र तेथेच राही, म्हणजे पाऊस येईपर्यंत राही. त्याखाली सही करण्याची पद्धत नव्हती आणि करून उपयोगही नव्हता. आपल्याकडच्या चित्रकथींशी किंवा वासुदेवाशी यांची तुलना करण्याचा मोह होतो. पण चित्रकथी पोथीतली चित्रे गुंडाळून बरोबर नेतो, वासुदेव गाणे गळ्यात घेऊन जातो. मादोन्नारो मात्र रिकाम्या हातांनी निघतो.

लंडनमध्येही असे पदपथावरचे चित्रकार होते. त्यांना तिकडच्या बोलीत स्क्रीव्हर म्हणत. जॉर्ज ऑर्वेलने १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दारिद्र्याच्या आठवणींत अशा एका लंगड्या स्क्रीव्हरचे मोठे आपुलकीचे चित्र रेखाटले आहे. परंतु इंग्लंडात काय किंवा इटलीत काय, या कलेकडे समाज पाहत आला तो भिक्षेकऱ्यांचा एक प्रकार म्हणूनच. शिकण्याची सोय अशी नव्हती. एखाद्या जाणत्याच्या मागे हिंडावे आणि तो परवानगी देईल तेवढे पाहावे, इतकेच. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हे लोक झपाट्याने विरळ झाले.

१९७३ साली ग्रात्सिएच्या जत्रेत या उरल्यासुरल्या मादोन्नारींचे पहिले संमेलन व स्पर्धा भरविण्यात आली. आजही ती दर वर्षी भरते. चौदा तारखेपासून चित्रकार आपापल्या आखून दिलेल्या चौकोनात बसतात आणि पंधराव्या तारखेस परीक्षण होते. सारा वेळ एका दिवसाच्या आतबाहेरचा, आणि भोवती हजारो लोकांची गर्दी.

या स्पर्धेतील एका गोष्टीकडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. तेथे चित्रकारांचे तीन वर्ग केलेले असतात, साधे, अर्हताप्राप्त आणि आचार्य. नवखा माणूस साध्या वर्गात बसतो. तेथे यश मिळाले तर दुसऱ्यात, आणि तेथे सिद्ध झाला तर आचार्यांत. नवख्याची तुलना नवख्याशीच होते. परंतु पटांगण एकच! पहिल्यांदाच खडू हाती धरलेला विद्यार्थी आणि तीस वर्षे फरशा झिजविलेला आचार्य एकाच डांबरावर, एकाच रात्री, हाकेच्या अंतरावर काम करीत असतात. पाय मोकळे करावयास उठलेल्या विद्यार्थ्याने चार पावले टाकली, की आचार्य चेहऱ्याची सावली कोणत्या रंगाने धरतो ते त्याला दिसते. पूर्वी जी विद्या एकाच्या मागे वर्षानुवर्षे हिंडून मिळे, ती अशी उघड्यावर येऊन बसली. माझ्या मते ही कला वाचली ती बक्षिसांमुळे नव्हे, तर या मांडणीमुळे.

या मांडणीचा पुढचा इतिहास अमेरिकेत घडला. कर्ट वेनर हा अमेरिकन तरुण नासा या संस्थेसाठी अवकाशाची चित्रे काढीत असे. ती नोकरी सोडून १९८२ साली तो रोमला गेला. जुन्या चित्रकलेचा अभ्यास करावा आणि खर्चासाठी रस्त्यावर खडूने चित्रे काढावीत, असा त्याचा क्रम होता. रोमच्या संत इग्नात्सियो चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सो याने सपाट छतावर घुमटाचा असा आभास रंगविला आहे की जमिनीवरील ठरावीक जागी उभे राहिले असता तो खराच वाटतो. याच जातीच्या विद्येचा वेनरने जमिनीवर प्रयोग केला. रस्त्याला खड्डा पडला आहे, त्यातून माणसे वर येत आहेत, असा भास होणारी त्याची चित्रे जगभर गाजली. १९९१ साली पोप जॉन पॉल दुसरे ग्रात्सिएच्या देवालयात आले, त्या वेळी वेनरच्या नेतृत्वाखाली काढलेल्या प्रचंड चित्रावर त्यांनी सही केल्याचे सांगतात. ज्या कलेत सही नव्हती तिच्यावर पोपची सही!

तथापि या आभासचित्रांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ती एकाच बिंदूवरून, आणि खरे तर कॅमेऱ्याच्या भिंगातूनच, नीट दिसतात. बाजूने पाहिली तर लांबट, विचित्र. त्यामुळे पाहणारा चित्राभोवती फिरत नाही, रांग लावून छायाचित्र घेतो. कौशल्य असामान्य आहे यात शंका नाही, पण शिकणाऱ्याने तेथून आरंभ करू नये.

१९८७ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथे कॅथी कूरी या बाईंनी ग्रात्सिएच्या धर्तीवर खडूचित्रांचा उत्सव सुरू केला. अमेरिकेतला या प्रकारचा तो पहिला. १७८६ साली स्थापन झालेल्या जुन्या मिशनपुढील पटांगणात, मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारला जोडून तो तीन दिवस चालतो. प्रत्येक चौकोनाला कोणी व्यापारी किंवा कुटुंब आश्रय देते, आणि तो पैसा शाळेतल्या मुलांच्या कलाशिक्षणाकडे जातो. मुलांसाठी लहान चौकोन वेगळे राखलेले असतात.

या उत्सवात माझी पुतणी काही वर्षांपूर्वी बसली. ती वाढली येथे चेन्नईत. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मखरापुढे रांगोळी घालत ती मोठी झाली. तिने लिहिलेले सविस्तर पत्र माझ्यापाशी आहे, आणि शिकाऊ चित्रकाराला काय सोसावे लागते ते मला त्यातूनच कळले. "काका, इथे चिमटीचा उपयोग नाही," असे ती आरंभीच लिहिते. शिरगोळ्याची पूड जमिनीवर नुसती पडते. खडू मात्र डांबराच्या खळग्यांत तळव्याने चोळून बसवावा लागतो, आणि पहिल्याच तासात बोटांची सालटी निघतात. डांबर खडू किती खाते याचा तिला अंदाज नव्हता. आभाळाचा निळा रंग पहिल्या दिवशी दुपारीच संपला. मोठी चूक तर पुढेच होती. रांगोळी आपण मध्यातून बाहेर वाढवितो. तशी सवय असल्यामुळे तिने मधला चेहरा आधी रंगविला, आणि वरचा भाग करताना तिचाच गुडघा त्या चेहऱ्यावरून फिरला. दोनशे माणसे पाहत होती. एका लहान मुलाने आईला विचारले, की या बाईंनी तोंड का पुसले? त्या क्षणी सामान गुंडाळून निघून जावेसे वाटले, असे तिने प्रांजळपणे कबूल केले आहे.

शेजारच्या चौकोनातील वयस्क बाई बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या उठून आल्या, आपल्या पेटीतले निळ्याचे चार तुकडे ठेवले आणि दाखविले: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उतरत ये, झालेल्या भागावर प्लॅस्टिक अंथर, गुडघ्याखाली जाड पुठ्ठा घे, आणि दर अर्ध्या तासाने उठून वीस पावले लांब जा. जवळून चेहरा दिसत नाही, नुसता गालच दिसतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने कडेची चिकटपट्टी ओढून काढली, तेव्हा चौकट सरळ रेषेत उमटली. चेहरा तिला हवा तसा साधला नव्हता. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली.

ते पत्र वाचताना मला आमच्याच रांगोळी स्पर्धेची आठवण झाली. ती बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली. एकच वर्ग, एकच पहिले बक्षीस, आणि ते आलटून पालटून त्याच दोघी-तिघींना. बाकीच्या मुली एक वर्ष आल्या, दुसऱ्या वर्षी आल्या आणि मग येईनाशा झाल्या. परीक्षकांत मीही होतो. गुण देताना कोणाची सुधारणा किती झाली हे पाहण्याचे माझ्या मनातही आले नाही. माझी पुतणी त्या मुलींपैकीच एक. याच शहरात मैलापूरच्या उत्सवात नॉर्थ माडा स्ट्रीटवर कोलमची स्पर्धा होते. रस्त्यावर आखलेल्या सारख्या चौकोनांत आजी आणि शाळकरी नात शेजारी शेजारी बसून तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडताना मी अनेकदा पाहिल्या, आणि तरीही मला काही सुचले नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि ती मान्य झाली आहे. सभागृहापुढे आता गुळगुळीत फरशी बसविली आहे, तीवर खडू धरत नाही. परंतु मागची गल्ली डांबरीच आहे. येत्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेथे चौकोन आखले जातील, तीन वर्गांचे, पण एकाच रांगेत. रांगोळी, कोलम वा खडू, ज्याला जे येते ते त्याने काढावे. खडूच्या दोन पेट्या पुतणीने पाठविल्या आहेत. त्यांत निळा रंग जास्त आहे.