सरकती सरहद्द

मुलांनो, सरहद्द म्हटली कीं तुमच्या डोळ्यांपुढें नकाशावरील दोन राज्यांमधली ठळक रेघ उभी राहते. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र निराळ्याच प्रकारची सरहद्द होती. गोऱ्या लोकांची वस्ती जेथें विरळ होत जाई, त्या पट्ट्याला तेथील लोक सरहद्द म्हणत, आणि ती सारखी पश्चिमेकडे सरकत असे. ती कशी सरकली, व कोणाच्या पायांखालील भूमि घेऊन सरकली, हें आज पाहूं.

२० मे १८६२ रोजीं अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखास, किंवा २१ वर्षें पूर्ण झालेल्या इसमास, थोडीशी फी भरून १६० एकर सरकारी जमीन मागतां येऊं लागली. अविवाहित स्त्रियांस आणि नागरिक होऊं इच्छिणाऱ्या परदेशीयांसही हा हक्क होता. अट अशी, कीं तेथें घर बांधून पांच वर्षें राहावें व जमीन कसावी. मग ती कायमची आपली. ज्यांच्या बापजाद्यांनीं युरोपांत परक्याच्याच शेतांत घाम गाळला, त्यांना हें किती मोलाचें वाटलें असेल!

पण नेब्रास्का व कॅन्सस येथील माळावर मैलोन् मैल झाड दिसत नसे. मग घर कशाचें बांधावें? नांगरानें गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे काढीत, त्यांचे तुकडे करून विटांसारखे रचीत, आणि त्याच भिंतींच्या आंत संसार थाटीत. हें घर थंडींत ऊब देई, उन्हाळ्यांत गार राही. पाऊस लागला म्हणजे मात्र छपरांतून चिखल गळे! जळणाला बायसन नांवाच्या केसाळ रानगव्यांचें वाळलेलें शेण वेंचून आणीत. आपल्या गोवऱ्याच म्हणाना. कुंपणाला लांकूड नव्हतें. ती अडचण जोसेफ ग्लिडन यानें १८७४ सालीं पेटंट घेतलेल्या कांटेरी तारेनें दूर केली. त्याच वर्षीं टोळधाड आली आणि उभीं पिकें फस्त झालीं. पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वींच कित्येक कुटुंबें हताश होऊन परतलीं. जीं टिकलीं, त्यांच्या चिकाटीचें कौतुक केलेंच पाहिजे.

आतां एक प्रश्न विचारतों. ही जमीन ‘सरकारी’ झाली कशी?

त्या माळावर लकोटा, शायान इत्यादि लोक पूर्वींपासून राहत होते. बायसन हेंच त्यांचें अन्न, वस्त्र आणि तंबूचें कातडें. १८६९ सालीं पूर्वेकडील व पश्चिमेकडील लोहमार्ग युटांत एकमेकांस मिळाले. पुढें कातड्याच्या व्यापारासाठीं शिकाऱ्यांनीं एवढी कत्तल केली, कीं कोट्यवधि बायसनांपैकीं १८९० च्या सुमारास हजारभरही उरले नाहींत. अन्नच गेल्यावर माणसें कोठें जाणार?

१८६८ च्या फोर्ट लॅरमी तहानें ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लकोटांसाठीं राखून ठेवण्याचें वचन सरकारनें दिलें होतें. १८७४ त तेथें सोनें सांपडलें, आणि १८७७ त सरकारनें तो मुलूख काढून घेतला. वचनाचें आयुष्य अवघें नऊ वर्षें! १८९० च्या शिरगणतीनंतर, वस्तीची सलग सरहद्द आतां दाखवितां येत नाहीं, असें सरकारनें जाहीर केलें. त्याच वर्षीं २९ डिसेंबरला वूंडेड नी येथें सैन्यानें लकोटांवर गोळीबार केला. मेलेल्यांत बायका व मुलेंही होतीं.

पुढें १९८० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ब्लॅक हिल्सबद्दल भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्या लोकांनीं मात्र ते पैसे अद्याप स्वीकारलेले नाहींत. आम्हांला आमचे डोंगर हवेत, असें त्यांचें म्हणणें आहे.

मुलांनो, मातीच्या घरांत राहून शेत पिकविणारा तो शेतकरी कष्टाळू होता, हें खरें. आणि ती जमीन दुसऱ्याची होती, हेंही तितकेंच खरें. यांतील एकच गोष्ट सांगणारा इतिहास अपुरा होय. म्हणून जुन्या नकाशावर एखादी कोरी जागा दिसली, तर तेथें आधीं कोण राहत होतें, हा प्रश्न आपल्या गुरुजींना अवश्य विचारा.