मॉर्मनांचा खटला आणि आपला जातीचा दाखला



नालासोपाऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात एक वाद दरवर्षी निघतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की पोरं जातीच्या दाखल्यामागे लागतात आणि घरात कुणीतरी जाणतं माणूस सांगतं, "धर्माच्या रकान्यात हिंदू लिही. बौद्ध लिहिलंस तर केंद्राच्या नोकरीत अडकशील." पोरगं विचारतं, "मी विहारात जातो, 22 प्रतिज्ञा घेतल्यात, मग खोटं का लिहू?" 1990 साली कायदा बदलला, पण ही भीती अजून घराघरांत आहे. ती आली कुठून?

तिचं मूळ सांगायला आम्ही आज जरा लांबून सुरुवात करतो आहोत, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून. तिथल्या मॉर्मन पंथाचा एक खटला 1951 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात येऊन बसला. धर्मस्वातंत्र्याची मर्यादा कुठे, यावर आपल्या न्यायालयांनी संविधान लागू झाल्यावर जी पहिली मांडणी केली, तिच्यात त्याचा आधार घेतला गेला. म्हणून तो आपण नीट समजून घ्यायला हवा.

6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणाने हा पंथ स्थापन केला. अनुयायी भराभर वाढले, एका गावात एकगठ्ठा राहू लागले आणि एकगठ्ठा मतदान करू लागले. शेजाऱ्यांना त्यांची प्रार्थना खुपत होतीच, पण त्याहून जास्त खुपलं ते मत. ऑगस्ट 1838 मध्ये मिसुरी राज्यातल्या गॅलटिन गावी मॉर्मनांना मतदान करू द्यायचं नाही म्हणून मारामारी झाली. तिचा वणवा झाला. 27 ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्ज याने लेखी आदेश काढला की मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्यातून हाकलून द्यावं. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला झाला आणि 17 माणसं मारली गेली. हा आदेश रद्द व्हायला 1976 साल उजाडलं.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? एखादी वस्ती देवाचं नाव वेगळं घेते, तोवर गाव तिला सहन करतं. ती मताची किंमत ओळखते, तेव्हा गावाचं डोकं फिरतं. खैरलांजी असो की नामांतराच्या वेळचा मराठवाडा, राग होता तो मान वर करण्याचा.

स्मिथ वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांना भेटला, नुकसानभरपाई मागितली. काही मिळालं नाही. धर्मस्वातंत्र्याची घटनादुरुस्ती होती, पण त्या काळी ती फक्त केंद्र सरकारवर बंधनकारक होती, राज्यांवर नाही. कागदावर हक्क होता आणि तो बजावणारा कोणी नव्हता. बाबासाहेबांनी कलम 32 ला संविधानाचा आत्मा का म्हटलं, ते इथे कळतं. न्यायालयात धाव घेता येत नसेल तर मूलभूत हक्क ही नुसती शोभा.

मग मॉर्मनांनी इलिनॉय राज्यात नॉवू हे शहर वसवलं. 1844 साली स्मिथ थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या जाहीरनाम्यात एक मुद्दा असा होता की सरकारी जमिनी विकून पैसा उभा करावा, मालकांना मोबदला द्यावा आणि 1850 पर्यंत गुलामगिरी संपवावी. पण हाच माणूस एकाच वेळी पंथाचा प्रेषित, शहराचा महापौर आणि स्थानिक फौजेचा सेनापती होता. पंथातल्याच विरोधकांनी वर्तमानपत्र काढून त्याच्यावर टीका केली, तेव्हा नगर परिषदेच्या ठरावाने त्यांचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. या प्रकरणात तो तुरुंगात असताना 27 जून 1844 रोजी जमावाने तुरुंगात घुसून त्याला ठार मारलं.

जमावाने खून केला, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण छापखाना फोडणं हाही गुन्हाच होता. धर्मगुरू, सत्ता आणि फौज एका हातात आली की पहिला बळी आपल्यातल्याच टीकाकाराचा जातो. बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. धम्माच्या कामासाठी 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभा काढली. राजकारणासाठी त्यांच्या मनात रिपब्लिकन पक्ष होता, जो त्यांच्या पश्चात 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झाला. तो बौद्धांचा पक्ष म्हणून नव्हे, तर संविधानाची मूल्यं मानणाऱ्या सगळ्यांचा म्हणून. आपण त्याचे किती तुकडे केले, तो वेगळा विषय. पण विहार आणि पक्ष वेगळे ठेवायचे, हा धडा आपल्याला आधीच मिळालेला आहे.

स्मिथनंतर ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन 1847 साली युटाच्या वाळवंटी मुलखात गेला. तिथे 1852 मध्ये पंथाने जाहीर केलं की पुरुषाने अनेक बायका करणं हे धर्माचं काम आहे. त्याच वर्षी युटात गुलामगिरीला कायद्याची मान्यता मिळाली आणि काळ्या पुरुषांना पुरोहितपद नाही, ही भूमिकाही उघड मांडली गेली. ती बंदी उठायला 1978 साल आलं. काल स्वतः हाकलले गेलेले लोक आज दुसऱ्याला पायरीखाली ठेवत होते. छळ सोसला म्हणून कोणी आपोआप समतावादी होत नाही. आपल्या पोटजातींकडे बघताना हे विसरू नका.

बहुपत्नीत्वावर अमेरिकन काँग्रेसने 1862 साली बंदी घातली. जॉर्ज रेनॉल्ड्स या मॉर्मनाने न्यायालयात सांगितलं की हा माझा धर्म आहे. 1879 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं. श्रद्धेवर कायद्याचा अंमल नाही, कृतीवर आहे, असं न्यायालय म्हणालं. उदाहरण दिलं ते नवऱ्याच्या चितेवर जळणाऱ्या बाईचं. म्हणजे आपल्या सतीचं! तिथवर आम्हालाही निकाल पटतो. धर्माच्या नावावर बाईला जाळता येत नाही, तसं माणसाला विटाळाचा म्हणून बाहेरही ठेवता येत नाही. अस्पृश्यतेला सनातनी लोक धर्मच म्हणत होते. कलम 17 ने तो धर्म गुन्हा ठरवला.

खरी मेख पुढच्या खटल्यात आहे. आयडाहो प्रदेशाने 1885 साली मतदारांसाठी एक शपथ आणली. बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या कोणत्याही संघटनेचा मी सभासद नाही, अशी शपथ घेईल त्यालाच मत. सॅम्युअल डेव्हिस याने ती शपथ घेतली आणि खोटी शपथ घेण्याचा कट केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. त्याने दोन बायका केल्याचा आरोपच नव्हता. तो मॉर्मन होता, एवढंच. तरीही 1890 मध्ये 'डेव्हिस विरुद्ध बीसन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. तोंडाने म्हणायचं की आम्ही फक्त कृतीला हात लावतो, आणि प्रत्यक्षात सभासदत्वावरून मत काढून घ्यायचं! त्याआधी 1887 च्या कायद्याने युटातल्या बायकांना 1870 पासून असलेला मताधिकारही गेला, मॉर्मन असो वा नसो. बायकांना वाचवायला निघालेल्या कायद्याने बायकांचंच मत घेतलं.

शेवटी 1890 मध्ये पंथाने बहुपत्नीत्व सोडत असल्याचं जाहीर केलं आणि 1896 मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

आता मुंबईला या. 1946 साली मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला. तो घटनाबाह्य आहे, असा दावा 'मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी' या प्रकरणात झाला. जुलै 1951 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. श्रद्धा वेगळी आणि आचार वेगळा, आचार लोकहिताच्या आड आला तर त्याने माघार घ्यावी, असं सांगताना छागलांनी आधार घेतला तो याच डेव्हिस खटल्याचा. मात्र त्याच निकालात असंही ठरलं की व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. एका हाताने बाईला दिलं, दुसऱ्या हाताने दार लावलं. याच काळात बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडत होते आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जन्मापासून मरणापर्यंत सगळं आयुष्य धर्माच्या ताब्यात देता येणार नाही, धर्माची व्याख्या आखडायलाच हवी, हे त्यांनी डिसेंबर 1948 मध्येच संविधान सभेत बजावलं होतं.

बाबासाहेबांची कसोटी सरळ आहे. आचारामुळे माणसाचं माणूसपण चिरडलं जातं का, ते बघा आणि जात असेल तर आचार थांबवा. पण माणूस कोणत्या धर्माचा आहे यावरून त्याचा हक्क ठरवू नका.

या कसोटीवर आता आपला दाखला ठेवा. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद होता की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडले. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? कोणाला जाळलं, कोणाला विटाळाचं ठरवलं? कृती काहीच नव्हती, फक्त धर्म बदलला होता. आयडाहोची शपथ आणि हा परिच्छेद यांची चाल एकच आहे. तिथे धर्मावरून मत गेलं, इथे संरक्षण गेलं. राज्याच्या सवलती महाराष्ट्राने 1960 नंतर दिल्या, केंद्राच्या मिळायला 1990 साल यावं लागलं. मधली चौतीस वर्षं एक अख्खी पिढी विहारात बौद्ध आणि कागदावर हिंदू म्हणून जगली. ती भीती तिथून आली. घरातल्या जाणत्यांना दोष देऊ नका, त्यांनी तुमच्या शाळेची फी त्या कागदावर वाचवली आहे.

आदेशाच्या समर्थनार्थ सांगतात की धर्म बदलला की जात जाते. असं म्हणणाऱ्याला वसईत आणा. इथे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज अमलात धर्मांतरं झाली, तरी आजही लोक सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती अशीच ओळख सांगतात. जात चर्चची पायरी चढून आत जाते आणि मशिदीतही जाते. म्हणूनच दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम यांना आजही तो परिच्छेद बाहेर ठेवतो, तेव्हा आपण गप्प बसणं बरोबर नाही. आपल्यातले काही म्हणतात, "वाटेकरी वाढतील." वाटा वाढवून मागा, कोटा लोकसंख्येनुसार वाढवून घ्या. पण ज्या दारात आपण चौतीस वर्षं उभे होतो, ते दार दुसऱ्याच्या तोंडावर लावू नका. मॉर्मनांनी युटात तीच चूक केली.

अमेरिकेने ती चूक उशिरा का होईना मान्य केली. 1996 च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या विचारासाठी मताधिकार काढणारा डेव्हिसचा भाग आता कायदा म्हणून टिकत नाही. आपल्याकडचा तिसरा परिच्छेद मात्र दोन दुरुस्त्यांनंतरही, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध, तसाच उभा आहे.

आपल्या गावचा सोपारा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथेच मिळाला, नवव्याचा तुकडा 1956 साली, धम्मक्रांतीच्याच वर्षी, भुईगावला सापडला. त्या नवव्या लेखात अशोक सांगतो की लग्न, आजारपण, प्रवासाच्या वेळचे विधी फारसे फळ देत नाहीत. दास आणि नोकरांशी नीट वागणं हा खरा विधी. कोणत्या धर्माचा आहेस, असं तो विचारत नाही.

तेव्हा पोरांनो, येत्या जनगणनेत धर्म विचारला तर बौद्ध लिहा आणि जात विचारली तर तीही लिहा. दाखल्यावर बौद्ध लिहिलं म्हणून कोणी अडवलं तर 1990 ची दुरुस्ती दाखवा आणि नकार लेखी मागा. तोंडी नकारावर घरी परतू नका. एकट्याने जमत नसेल तर वर्गात या, आम्ही सोबत येऊ.

जय भीम! जय संविधान!