भिंत, कुत्रा, बंदूक आणि देवडीवरचा माणूस

नेटवर्क सिक्युरिटीशी ज्यांचा दुरून जरी संबंध आला असेल, त्यांना 'डिफेन्स इन डेप्थ' हा शब्द पाठ असणार. एका फायरवॉलवर विसंबून राहायचं नाही, थरांवर थर लावायचे. पहिला थर फुटला तर दुसरा, दुसरा फुटला तर तिसरा. ट्रेनिंगमध्ये ही कल्पना अशी सांगतात की जणू कालपरवाच कुणीतरी शोधून काढली! आपल्याकडची जुनी गावं आणि वाडे बघितले की कळतं, आपल्या पणजोबांच्या पणजोबांना हे सगळं ठाऊक होतं. आणि हे थर नेमके कुठे फुटतात, हेही त्यांनी भोगलं होतं. आजचा लेख त्यावरच.

बाहेरून आत जाऊ. पहिला थर म्हणजे गावकूस, गावाभोवतीची भिंत. त्याच्या आत पाटलाची किंवा देशमुखाची गढी. गढीच्या तटाला छोटी तिरकी भोकं ठेवलेली असायची, त्यांना जंग्या म्हणतात. आतला माणूस जंगीतून बंदूक रोखू शकतो, पण बाहेरच्याला आतला दिसत नाही. मग वाडा. खाली दगडी जोतं, रस्त्याच्या बाजूला खिडक्या असल्याच तर उंचावर. मोठ्या दरवाज्यात छोटी दिंडी, जिच्यातून वाकूनच आत यावं लागतं, आणि तेही एका वेळी एकानेच. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही, हे सांगायला नकोच. दरवाज्यामागे आडवा अडसर, त्याच्याआत देवडी, तिथे पहारेकरी. मग चौक, मग माजघर. आणि शेवटचा थर म्हणजे लपवाछपवी : भिंतीतलं बळद, जमिनीतलं पेव, क्वचित तळघर. म्हणजे चोर आत आलाच तरी त्याला धान्य आणि डबोलं सापडू नये.

आता बंदूक. आपल्याला सिनेमामुळे वाटतं की घरात बंदूक आहे म्हणजे विषय संपला. पण त्या काळची तोड्याची बंदूक आठवा. दारू भरा, गोळी ठासा, काडतूस वगैरे काही नाही, आणि बार उडवायला जळता तोडा हवा. तो सतत पेटता ठेवायचा. पावसात विझतो, अंधारात त्याचा निखारा दिसतो, आणि एक बार उडाल्यावर पुन्हा भरायला वेळ लागतो. दाराच्या आत घुसलेल्या चार जणांपुढे तिचा उपयोग साधारण काठीइतकाच. बंदुकीचा खरा उपयोग तटाआडून, जंगीतून. थोडक्यात, बंदूक भिंतीशिवाय अपुरी.

कुत्र्याचं उलट आहे. कुत्रा कुणाला फारसा अडवत नाही, पण खबर देतो. आजच्या भाषेत तो अलार्म. ना तोडा पेटवायला लागतो, ना पावसात भिजून बंद पडतो. :) सतत फिरतीवर असणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांना भिंत नव्हतीच, तिथे राखणीची मोठी भिस्त कुत्र्यांवर. आणि कुत्र्याच्या इमानाला राजदरबारी मान मिळाल्याचंही उदाहरण आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या एका लाडक्या कुत्र्याने त्यांना शिकारीत वाघापासून वाचवलं, तेव्हा महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला असं ग्रँट डफ लिहितो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात.

पण या सगळ्या थरांमध्ये सगळ्यात कामाचा थर होता माणूस. गावचा जागल्या. कुठे रामोशी, कुठे महार, कुठे मांग, कुठे भिल्ल. रात्री गस्त घालणं हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. गावात कोण नवीन आलं, कोण विनाकारण घुटमळतंय, कुणाच्या हातात अचानक पैसा खेळतोय, हे सगळं त्याला माहीत असायला हवं. चोरी झालीच तर त्याने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा, त्याने त्याच्या शिवेपर्यंत न्यायचा. ज्या गावात माग हरवेल, त्या गावावर भरपाईची जबाबदारी! पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात त्याने ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. मला ही व्यवस्था फार हुशारीची वाटते. कारण चोर आपल्या गावात लपणं हे गावाला परवडणारंच नव्हतं.

या बदल्यात जागल्याला काय मिळायचं? गावाकडून धान्याचा वाटा, कधी इनाम जमीन, मानपान. हा त्याचा हक्क होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण इथून पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

आता शनिवारवाडा. 1730 च्या जानेवारीत पाया घातला, 1732 मध्ये वास्तुशांत, खर्च 16,110 रुपये. पुढे भोवती तट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे. दिल्ली दरवाज्यावर हत्तीने धडक मारू नये म्हणून अणकुचीदार खिळे. आत शिरल्यावर वाट सरळ नाही, वळण घेऊन जाते, म्हणजे शत्रूचा लोंढा एकदम आत घुसायला नको. पुस्तकी डिफेन्स इन डेप्थ म्हणाल तर हाच.

30 ऑगस्ट 1773. ऐन गणेशोत्सवाचे दिवस. याच वाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कुणी केला? बाहेरच्या शत्रूने नाही. वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गारद्यांनी, म्हणजे पेशव्यांच्याच पगारी बंदूकवाल्या पायदळाने. ते आत आले ते थकलेल्या पगाराचा दंगा करत. आणि कुठून आले? दिल्ली दरवाज्याचे खिळे जागच्या जागी राहिले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे ते नुकत्याच पाडलेल्या, बांधकाम अर्धवट असलेल्या एका दारातून आत शिरले. नारायणराव धावत काका रघुनाथरावांकडे गेले, त्यांना मिठी मारली, पण उपयोग झाला नाही. वाचवायला आडवा पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. ('ध' चा 'मा' ही आख्यायिका सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून ती इथे पुन्हा सांगत नाही.)

कटाची मुळं भाऊबंदकीत होती हे खरं. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं, ते सगळं शाळेत शिकलोय. पण इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर तीन गोष्टी एकदम जुळून आल्या : आतला माणूस फितूर, पहारेकऱ्याचा पगार थकलेला, आणि एक दार अर्धवट. परिणाम फक्त एका घरापुरता राहिला नाही. गादीसाठी रघुनाथराव मुंबईच्या इंग्रजांकडे गेले, 1775 मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातूनच पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, ते 1782 पर्यंत चाललं.

हीच गोष्ट पुढे वेगळ्या रूपात दिसते. उमाजी नाईक यांच्या घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या राखणीचं काम होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत तिथल्या रामोश्यांचे हक्क गेले, आणि 1818 नंतर इंग्रजी अंमलात परिस्थिती सुधारली नाही. ज्यांना डोंगरातली वाट न् वाट माहीत, त्यांचाच हक्क काढून घेतला, मग ते त्या ज्ञानाचं काय करणार? उमाजींनी बंड केलं. मधे इंग्रजांनी त्यांना माफी देऊन बंदोबस्ताचंच काम दिलं, म्हणजे या माणसाची किंमत सरकारला कळत होती! पुढे पुन्हा बिनसलं, 1831 च्या डिसेंबरात ते पकडले गेले आणि 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात त्यांना फाशी झाली. याच इंग्रजांच्या लिखाणात रामोश्यांवर 'जातीने चोर' असा शिक्का मारलेला सापडतो, आणि साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीचा पहारेकरी मात्र रामोशीच. राखणीच्या हक्काला खंडणी म्हणायचं आणि शांत झोपही त्याच्याच जिवावर घ्यायची, असा हा कारभार.

बंदुकीचा थरही इंग्रजांनी काढून घेतला. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा झाला, पण युरोपियनांना त्यातून सूट! ही सूट आपल्या पुढाऱ्यांना सलत राहिली. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. परवाना त्यातही आहेच, पण कातडीचा रंग बघून सूट नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. तसंही आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात सगळ्यात धारदार शस्त्र म्हणजे विळी. :)

मग आपल्याकडे उरलं काय? गावकुसाच्या जागी कंपाउंड वॉल, दिंडीच्या जागी सेफ्टी डोअर, जागल्याच्या जागी सीसीटीव्ही. आणि देवडीवर अजूनही माणूसच, बहुतेक वेळा एजन्सीमार्फत आलेला, बारा तासांच्या ड्यूटीवर. एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बघितलंय : कॅमेरे किती मेगापिक्सेलचे घ्यायचे यावर तासभर चर्चा, आणि वॉचमनला पगार वेळेवर मिळतो का या प्रश्नावर 'ते एजन्सीचं काम' एवढं एकच वाक्य. गारद्यांचा पगार हेही कुणाच्या तरी खात्याचं कामच होतं.

आमचे वॉचमन कट करतील असं मला म्हणायचं नाही, गैरसमज नको. बिचारे रात्रभर जागतात म्हणून आपण झोपतो. म्हणणं एवढंच की, भिंत उंच करायला आपण पटकन पैसे काढतो, आणि भिंतीवरच्या माणसाच्या बाबतीत मात्र हात आखडतो. कुत्रा असो वा कॅमेरा, दोघेही फक्त खबर देतात. ती खबर ऐकून कुणीतरी उठावं लागतं. ते कुणीतरी का उठेल, याचं उत्तर जुन्या गावाने धान्याच्या वाट्यात आणि मानात दिलं होतं. (त्या मानाला जातीच्या मर्यादा होत्या, आणि राखण करणाऱ्यांपैकी कित्येकांची घरं गावकुसाबाहेरच होती, हेही विसरून चालणार नाही. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा असं कोण म्हणेल!)

पुढच्या वेळी शनिवारवाड्यात गेलात तर दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढून झाल्यावर नारायण दरवाजाही शोधा. नारायणरावांचं प्रेत तिथून बाहेर काढलं म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. तिथे फारशी गर्दी नसते.

चला, पुरे करतो. तुमच्या गावात जुनी गढी, जंग्या किंवा अडसराचा दरवाजा अजून उभा असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या वीकेंडला.