५४० ची बेरीज : शिकागो, जून १९१२

जून १९१२. शिकागोच्या कोलिझियम सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. व्यासपीठाभोवती रंगीत पताका शोभत होत्या आणि त्या पताकांखाली काटेरी तार दडवलेली होती. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता. एका बाजूला विद्यमान राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट. दुसऱ्या बाजूला चार वर्षांपूर्वी ज्यांनी टाफ्ट यांना आपला वारस म्हणून पुढे केले, ते माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट.

पक्षाच्या मतदारांचा कौल तोवर पुरेसा स्पष्ट झाला होता. त्या वर्षी प्रथमच एवढ्या राज्यांत प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठी थेट मतदान झाले. त्यांतली ९ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. टाफ्ट यांचे स्वतःचे ओहायोदेखील त्यांत होते. रूझवेल्ट यांना साडेअकरा लाखांहून अधिक मते, टाफ्ट यांना साडेसात लाखांच्या थोडी पुढे.

परंतु उमेदवारी देणार होते ते अधिवेशनातले प्रतिनिधी. ते होते १०७८. बहुमतासाठी हवे होते ५४०. बहुतेक राज्यांत हे प्रतिनिधी पक्षाच्या मेळाव्यांतून निवडले जात, आणि संघटना ज्याच्या हाती, मेळावा त्याचा.

खरी मेख दक्षिणेत होती. अध्यक्षीय निवडणुकीत राज्याच्या वाट्याला जितकी निर्वाचक मते, त्याच्या दुप्पट प्रतिनिधी, असा नियम होता. पक्षाला तिथे मते किती पडतात, याचा विचारच नव्हता. यादवी युद्धात फुटून निघालेल्या ११ राज्यांत रिपब्लिकन पक्ष नावापुरता उरला होता. त्याचा आधार असलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांचा मताधिकार मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि दहशत यांनी हिरावून घेतला होता. तरीही या राज्यांचे प्रतिनिधी सुमारे अडीचशे, म्हणजे जवळजवळ चौथाई! त्यांत पोस्टमास्तर आणि तत्सम केंद्रीय नोकरांचा भरणा असे, आणि त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हाती. धन्याविरुद्ध कोण जाणार?

हे यंत्र रूझवेल्ट यांना मुळीच अनोळखी नव्हते. १९०८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष असताना याच दक्षिणी प्रतिनिधींनी टाफ्ट यांची बाजू भक्कम केली होती. पक्षाला पडणाऱ्या मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी द्यावेत, असा प्रस्ताव त्या अधिवेशनात आला आणि ५०६ विरुद्ध ४७१ मतांनी पडला. अवघी ३५ मते. तो मंजूर झाला असता, तर चार वर्षांनी त्याचा लाभ प्रामुख्याने रूझवेल्ट यांनाच झाला असता.

शिकागोत २५४ जागांवर दोन्ही गटांनी हक्क सांगितला. राष्ट्रीय समितीने २३५ जागा टाफ्ट यांच्या पदरात टाकल्या, १९ रूझवेल्ट यांच्या. रूझवेल्ट गटाचे पुष्कळ दावे पोकळ होते, हे मान्य करावे लागते. टाफ्ट यांची बेरीज आधीच पक्की दिसू नये, एवढ्याचसाठी ते उभे केलेले होते. पण कॅलिफोर्नियाचे काय? राज्याच्या कायद्यानुसार तिथले सर्व प्रतिनिधी प्रायमरी जिंकणाऱ्या रूझवेल्ट यांचे; त्यांतल्याही दोन जागा टाफ्ट यांना मिळाल्या.

अधिवेशनाच्या हंगामी अध्यक्षपदी एलिहू रूट ५५८ मतांनी निवडून आले. बहुमतापेक्षा केवळ १८ अधिक. हे रूट एकेकाळी रूझवेल्ट यांचेच परराष्ट्रमंत्री. आता प्रश्न आला : ज्यांच्या जागेवर वाद आहे, त्यांनी या वादांवर मत द्यावे काय? रूट यांनी निर्णय दिला की स्वतःच्या जागेवर देऊ नये, इतरांच्या जागांवर द्यावे. म्हणजे एका राज्याच्या वादग्रस्त प्रतिनिधीने दुसऱ्या राज्याच्या वादग्रस्ताला तारायचे, आणि त्याने परतफेड करायची. लढाई तिथेच संपली. रूझवेल्ट यांचे समर्थक सँडपेपर घासून आणि शिट्यांचे आवाज काढून वाफेच्या रोडरोलरची नक्कल करीत राहिले.

अखेरच्या मतदानात टाफ्ट ५६१, रूझवेल्ट १०७. सभागृहात हजर असूनही ३४४ प्रतिनिधींनी मत दिले नाही.

रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांना ४३५ निर्वाचक मते मिळाली, रूझवेल्ट यांना ८८, आणि ५६१ प्रतिनिधींच्या उमेदवाराला फक्त ८. १९१६ च्या अधिवेशनापूर्वी रिपब्लिकन पक्षाने दक्षिणेचे प्रतिनिधी कमी केले.